राउटरला वेगळी पिन लागते का?

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस असो की मुंबईला जाणारी देवगिरी, रेल्वेच्या डब्यात मोबाईल चार्जिंगचा जो पॉइंट असतो त्याच्या शेजारी बहुधा ११० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. घरच्या बोर्डात येतात २३० व्होल्ट. म्हणजे नायगावच्या बाजारातून घेतलेला साधा चार्जर आपण निम्म्याहून कमी दाबाच्या विजेवर लावतो आणि फोन बिनतक्रार चार्ज होतो. अमेरिकेत घरोघरी १२० व्होल्ट असतात, जपानमध्ये १००. परदेशातली वीज आपल्या चार्जरला सोसेल का, याची चाचणी नांदेड स्टेशनवरून गाडीत बसलेल्या बहुतेकांनी नकळत घेतलेली आहे.

हे आधी सांगायचं कारण असं, की प्रवासात नेण्याचा छोटा राउटर घेतला की घरात पहिली चर्चा पिनेची होते. वेगळा अडॅप्टर घ्यावा लागेल का, तिकडचं सॉकेट वेगळं असेल तर काय, व्होल्टेज कमी-जास्त झालं तर जळेल का. हे प्रश्न एकात एक मिसळलेले असतात. त्यामुळे जिथे काहीच लागत नाही तिथे पैसे जातात आणि जिथे खरी अडचण येते तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

ट्रॅव्हल राउटर म्हणजे तळहातावर मावेल एवढी डबी. हॉटेलचं, वसतिगृहाचं किंवा पीजीचं वायफाय, नाहीतर भिंतीतून आलेली नेटची केबल ही डबी आपल्याकडे घेते आणि त्यातून आपल्या नावाचं, आपल्या पासवर्डचं वायफाय तयार करते. हॉटेलच्या लॉगिनच्या पानावर एकदाच माहिती भरायची. फोन, लॅपटॉप, टॅब आपल्या राउटरला आधीपासून जोडलेले असतात. लातूर-नांदेडला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहणारी पोरं, हैदराबाद-पुण्याला नोकरीसाठी गेलेले, जर्मनीत किंवा आखातात पोचलेले, सगळ्यांना याचा उपयोग आहे. जिओफायसारखा सिमकार्डवाला हॉटस्पॉट वेगळा, त्यात बॅटरी असते. ट्रॅव्हल राउटरमध्ये सहसा बॅटरी नसते. वायर काढली की तो बंद. म्हणून त्याला वीज कशी द्यायची हे आधी ठरवावं लागतं.

तर, बहुतेक ट्रॅव्हल राउटरना त्यांची स्वतःची अशी वेगळी पिन लागत नाही. ते मोबाईलसारखे यूएसबीवर, म्हणजे ५ व्होल्टवर चालतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर९०२एसी या मॉडेलला ५ व्होल्ट, २ अँपिअर लागतात. जीएल-आयनेट कंपनीचा ‘मँगो’ १ अँपिअरवर भागवतो, ‘बेरिल एएक्स’ला ३ लागतात आणि ‘स्लेट एएक्स’ला ४. राउटरला भिंतीतल्या सॉकेटचा आकार कळत नाही आणि तिथले व्होल्टही कळत नाहीत. त्याच्यापर्यंत फक्त ५ व्होल्ट पोचतात. भिंतीशी गाठ पडते ती चार्जरची. ज्या चार्जरने फोन चार्ज करणार आहात तोच राउटरला पुरेसा असेल, तर फोनसाठी जी पिन-कन्व्हर्टरची सोय कराल तीच राउटरचीही झाली. काही जुन्या धाटणीचे राउटर थेट भिंतीत बसतात, त्यांच्या पाठीवरच पिना असतात. त्यांना मात्र जागोजागीच्या सॉकेटप्रमाणे कन्व्हर्टर लागतो. प्रवासासाठी तसे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पिनेकडे वळू. आपल्या घरातली तीन गोल पिनांची रचना ब्रिटिशांची आहे. ‘बीएस ५४६’ हे त्यांचं मानक १९३४ सालचं. ब्रिटननं पुढे १९४७ मध्ये चपट्या पिनांचं नवं मानक आणलं, ‘बीएस १३६३’, आणि जुनं हळूहळू सोडून दिलं. आपण जुनंच धरून राहिलो आणि ‘आयएस १२९३’ या भारतीय मानकात ते आजही आहे. घरात त्याचे दोन आकार दिसतात. पंखा, टीव्ही, चार्जरसाठी ६ अँपिअरचा लहान. फ्रिज, गिझर, इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा मोठा, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो. लहान प्लगच्या खालच्या दोन पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि वरची अर्थिंगची पिन ७ मिलिमीटरची. ही वरची पिन मुद्दाम जाड आणि लांब केलेली आहे. प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं, शिवाय सॉकेटच्या आतला पडदा तिनंच उघडावा, यासाठी ती तशी असते.

मोबाईलच्या चार्जरला मात्र दोनच पिना असतात आणि त्या बहुधा युरोपीय मापाच्या, ४ मिलिमीटरच्या आसपास. पाच मिलिमीटरच्या भोकात चार मिलिमीटरची पिन घातली की ती ढिली बसणारच. चार्जर खाली लोंबकळतो, हात लागला की चरचर आवाज येतो, कधी ठिणगी दिसते. आपण त्याला बोर्ड खराब झाला म्हणतो. बोर्ड खराब असतोही, पण मुळात मापच जुळत नाही. राउटरसाठी हा ढिलेपणा फोनपेक्षा जास्त त्रासाचा. फोनमध्ये बॅटरी असते, क्षणभर वीज तुटली तर त्याला पत्ता लागत नाही. राउटर त्या क्षणी बंद होऊन नव्यानं सुरू होतो आणि पुन्हा नेट यायला मिनिट-दोन मिनिटं जातात. ऑनलाइन परीक्षा चालू असताना हे झालं की पोरगं नेट कंपनीला दोष देत बसतं.

याच पिनेचा युरोपात फायदा होतो. ही बारीक दोन-पिनी जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स अशा बहुतेक देशांत थेट बसते. जर्मन सॉकेट भिंतीत खोल, वाटोळ्या खाचेत असतं. चार्जरचं तोंड रुंद चौकोनी असेल तर ते त्या खाचेत शिरत नाही. जाण्याआधी चार्जरच्या पिनांभोवतीचा भाग पाहून घ्यावा. तो निमुळता असेल तर जर्मनीत राउटर आणि फोन दोन्हींसाठी काहीही विकत घ्यावं लागणार नाही. लॅपटॉपचा आपला तीन-पिनी प्लग मात्र तिथे जात नाही, त्याला कन्व्हर्टर किंवा तिकडची वायर लागतेच.

ब्रिटन, आयर्लंड, दुबई-अबूधाबी, ओमान, कतार, सिंगापूर, मलेशिया या ठिकाणी तीन चपट्या पिनांचं ब्रिटिश सॉकेट आहे. त्या प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तांब्याची चणचण होती. प्रत्येक पॉइंटला वेगळी वायर ओढण्यापेक्षा साऱ्या घराला एकच वायर कड्यासारखी फिरवायची आणि तिच्यावर सगळे पॉइंट द्यायचे, असं ठरलं. अशा कड्याच्या मुळाशी असलेला मोठा फ्यूज ३० अँपिअरचा. टेबललॅम्पची बारीक वायर जळून गेली तरी तो उडणार नाही. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये त्या-त्या वस्तूला साजेसा फ्यूज घातला गेला.

या सॉकेटचा पडदा वरच्या अर्थिंगच्या पिनेनं उघडतो. दोन-पिनी चार्जर घेऊन गेलेली आपली मंडळी वरच्या भोकात पेनची नळी किंवा काडी खुपसतात, पडदा उघडतात आणि खाली चार्जर ढकलतात. आपल्याकडेही पडदेवाल्या बोर्डात हाच प्रकार सर्रास चालतो. तो करू नये. तिकडची खालची भोकं चपटी असतात, त्यात गोल पिन कशीबशी अडकते, आतले पितळी जबडे कायमचे फाकतात आणि नंतर तिथे नीट प्लग लावला तरी सांधा तापतो. प्लगमधल्या फ्यूजचं संरक्षणही जातं. साधा कन्व्हर्टर फार महाग नसतो आणि आखातात जाणाऱ्यासाठी तो खरोखर लागतोच.

अमेरिका, कॅनडा, जपान इथे दोन चपट्या पट्ट्या असतात. तिथेही कन्व्हर्टर हवा. दक्षिण आफ्रिकेची गंमत वेगळी आहे. आपला गिझरचा मोठा १६ अँपिअरचा प्लग हाच त्यांच्या घरांतला सर्वसाधारण प्लग. नेपाळला जाणाऱ्याला बहुधा कशाचीच गरज पडत नाही.

उलट दिशेनं पाहायचं तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्याशेजारच्या लॉजमध्ये पाहावं. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेतून भाविक येतात. २००८ साली गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीला तर फार मोठ्या संख्येनं आले होते. कॅनडाहून आलेल्याच्या बॅगेतला फोनचा चार्जर कन्व्हर्टर लावला की इथे सुखानं चालतो. पण त्याच कन्व्हर्टरवर त्यांनी केस वाळवायचा ड्रायर लावला तर तो जळतो. उष्णता देणाऱ्या वस्तूचं गणित सरळ आहे. दाब दुप्पट झाला की वीज चौपट खेचली जाते. १२० व्होल्टसाठी बनवलेल्या ड्रायरला २३० व्होल्ट मिळाले तर तो ठरल्यापेक्षा साडेतीन पटीहून जास्त तापायला बघतो. आणि आपला १००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड अमेरिकेत लावला तर जेमतेम २७० वॉटचं काम करतो, बादली तापता तापत नाही. इकडून नेलेला मिक्सरही तिथे रडतखडत फिरतो, म्हणूनच तिकडच्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे मिक्सर वेगळे मिळतात. पिन-कन्व्हर्टर फक्त आकार बदलतो. व्होल्ट जसेच्या तसे पुढे जातात. दुकानदार हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत नाही.

मग चार्जर दोन्हीकडे कसा चालतो? चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं तिथे असेल. पूर्वीच्या रेडिओचे किंवा टेपरेकॉर्डरचे वजनदार अडॅप्टर आठवतात ना, त्यांत लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असायची. २३० चे ९ व्होल्ट करायचे तर वेढ्यांचं प्रमाण ठरलेलं. वर ११० दिले तर खाली साडेचारही धड मिळायचे नाहीत. आताचा हलका चार्जर आलेली वीज आधी सरळ, म्हणजे डीसी करून घेतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. बाहेर नेमके ५ व्होल्ट निघतायत का यावर आतलं सर्किट सतत लक्ष ठेवतं. आत दाब कमी आला तर स्विच जास्त वेळ चालू ठेवायचा, जास्त आला तर कमी वेळ. सुरुवातीलाच वीज डीसी होत असल्यानं तिकडे ५० हर्ट्झ आहेत की ६० याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही.

याचा अनुभव घ्यायला परदेशात जायची गरज नाही. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू असतं आणि एकाच डीपीवर घरं आणि मोटारी असतात, तेव्हा संध्याकाळी गावात व्होल्टेज पार डीम होतं. पंखा रेंगाळतो, जुनी ट्यूबलाइट फडफडत राहते, फ्रिज घरघरतो. त्याच खोलीत राउटरचे हिरवे दिवे मात्र नेहमीसारखे लागलेले दिसतात. चार्जर खाली १०० पर्यंत सहन करणारा आहे, तो १६० वर कशाला डगमगेल! वरच्या बाजूला मात्र त्याला एवढी सवलत नाही. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर काही घरांत दाब २३० वरून ४०० च्या दिशेनं चढू शकतो. तेव्हा गल्लीतले चार्जर, सेट टॉप बॉक्स, टीव्ही एकदमच जळतात. बल्ब अचानक लख्ख पेटले की आधी मेन बंद करायचा. वादळवाऱ्याच्या दिवसांत, राउटर प्रवासाचा असो की घरचा, रात्री प्लग काढून ठेवणं बरं.

आता ज्या ठिकाणी लोक खरोखर अडकतात तिकडे येऊ. अडचण पिनेची नसते, अँपिअरची असते. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर मात्र चार्जरवर राउटरच्या गरजेइतके किंवा जास्त असावेत. जास्त असले तर नुकसान नाही, राउटर लागेल तेवढेच ओढतो. कमी असले तर तऱ्हा विचित्र होते. दिवा लागतो, वायफायचं नाव फोनमध्ये दिसतं, जोडलंही जातं, आणि दोन जणांनी व्हिडिओ लावला की सगळं गायब होऊन राउटर पहिल्यापासून सुरू होतो. हॉटेलच्या टीव्हीमागच्या यूएसबी पोर्टात राउटर लावणाऱ्यांना हाच अनुभव येतो. जुन्या पद्धतीचा यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट द्यायला बांधील आहे. १० वॉट मागणारा राउटर त्यावर टिकेल कसा?

चार्जर चांगला असूनही हेच होत असेल तर केबल बदलून पाहावी. मोबाईलच्या दुकानात टोपलीत पडलेल्या स्वस्त केबलच्या आत तांबं फार बारीक असतं. जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून पाव ओहम रोध धरला आणि २ अँपिअर वाहू लागले, तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो. राउटरच्या तोंडाशी ५ ऐवजी साडेचार पोचतात. लांब केबलला हे आणखी वाढतं. राउटरसोबत डब्यातून आलेली आखूड, जाड केबल म्हणूनच जपून ठेवावी, ती फोनसाठी कुणाला देऊ नये.

टाइप-सी मुळे एक नवी भानगड आली आहे. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जर आधी विचारतो, पलीकडे कुणी आहे का. राउटरच्या पोर्टात ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर असतील तर त्याला उत्तर मिळतं आणि वीज सुरू होते. काही स्वस्त उपकरणांत ते बसवलेलेच नसतात. मग ६५ वॉटचा भारी चार्जर लावूनही दिवा लागत नाही आणि राउटर मेला असं वाटतं. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून पाहिली की तोच राउटर चालू होतो. चार्जर २० व्होल्टपर्यंत जाणारा असला म्हणून घाबरायचं कारण नाही. उपकरणानं मागितल्याशिवाय तो ५ च्या वर जात नाही.

घरच्या मोठ्या राउटरची गोष्ट निराळी. तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो, काही ९ व्होल्टवर, आणि त्याची गोल पिन सेट टॉप बॉक्सच्या पिनेसारखीच दिसते. पिन बसली म्हणजे चार्जर चालला, असं होत नाही. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर कमी नकोत, आणि मधल्या टोकाला अधिक की उणे हे सांगणारी गोल खूण दोन्हीकडे सारखी हवी. १२ व्होल्टचा चार्जर ९ व्होल्टच्या राउटरला लावला तर तो तग धरेल याची खात्री नाही. लाइट गेल्यावर घरचं नेट चालू ठेवायचं तर इन्व्हर्टरपेक्षा १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस परवडतो. बॅटरीची डीसी आधी २३० एसी करायची आणि चार्जरनं ती परत डीसी करायची, या दोन्ही फेऱ्यांतली गळती त्यात वाचते. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्या यूपीएसवर घ्यायला विसरू नये.

ट्रॅव्हल राउटरला हा सगळा व्याप नाही, तो पॉवर बँकेवरही चालतो. १०,००० एमएएचची बँक म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. रूपांतरातली गळती सोडली तर ५ वॉट खाणारा राउटर त्यावर सहा तास निघतो. विमानात पॉवर बँक सोबतच्या बॅगेत ठेवावी लागते, चेक-इनच्या सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

खरेदीचं म्हणाल तर मी एकाच गोष्टीवर पैसे घालीन. दोन-तीन पोर्टचा, १००–२४० व्होल्ट लिहिलेला, बीआयएसचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला चांगला चार्जर. त्यात फोन आणि राउटर दोन्ही भागतात आणि त्या एका चार्जरपुरता, त्या देशाचा एकच साधा कन्व्हर्टर पुरतो. जगभरच्या सगळ्या पिना एका ठोकळ्यात असलेले युनिव्हर्सल अडॅप्टर आकर्षक दिसतात, पण त्यातल्या बऱ्याचशांत अर्थिंग पुढे जोडलेलंच नसतं. राउटरच्या दोन-पिनी चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, त्याला अर्थिंग लागत नाही. तीन-पिनी लॅपटॉपचं तसं नाही.

निघायच्या आधी एका संध्याकाळी, गावात व्होल्टेज डीम असताना, तोच चार्जर, तीच केबल आणि राउटर घेऊन बसावं. दोन फोनवर व्हिडिओ लावावेत, राउटरला पेनड्राइव्ह लावायची असेल तर तीही लावावी, कारण जास्तीत जास्त वीज तेव्हाच ओढली जाते. तास-दोन तास तो एकदाही बंद पडला नाही तर चार्जर आणि केबल बॅगेत टाकायला हरकत नाही. पडला तर आधी केबल बदलावी, मग चार्जर. पिन-कन्व्हर्टर विकत घ्यायचं काम अगदी शेवटच्या दिवशीही होतं, विमानतळावरसुद्धा.